अंदमानला जाताना कुकर न्यायचा का?

पत्र थोडक्यात: नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. दिवाळीनंतर त्यांचं सहा जणांचं कुटुंब अंदमानला निघालं आहे. त्या, त्यांचे पती, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासू-सासरे. पोर्ट ब्लेअरला (आताचं अधिकृत नाव श्री विजयपुरम) तीन रात्री, हॅवलॉक बेटावर (आता स्वराज द्वीप) दोन, नील बेटावर (आता शहीद द्वीप) एक. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहायची सासऱ्यांची जुनी इच्छा आहे. विमान आणि बोटींच्या तिकिटांतच बरेच पैसे गेले आहेत. हॉटेलच्या रात्रीच्या जेवणाचे एजंट माणशी ७०० रुपये सांगतो, मुलांनाही तोच दर. ‘बेटावर सगळंच महाग आणि आपलं काहीच मिळत नाही’ असं शेजाऱ्यांकडून कळल्यावर सासूबाईंनी छोटा कुकर, इंडक्शन शेगडी, तांदूळ, डाळ आणि कणीक बरोबर न्यायचं ठरवलं आहे. पती म्हणतात, एवढा खर्च झालाच आहे, जेवणाचाही होऊ दे. ताई लिहितात, ‘खर्चही आवाक्यात राहावा, सासूबाईंचं मनही मोडू नये, आणि मला तिथे जाऊनही स्वयंपाकच करावा लागू नये. असं काही जमेल का?’

ताई,

जमेल. आणि शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. अशा सहलींचा हिशेब मांडताना ते वाक्य बहुतेक घरांत कुणी उच्चारतच नाही. तांदूळ घरचे, डाळ घरची, म्हणजे जेवण फुकट पडलं असं सगळे धरून चालतात. ते शिजवणारी बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठते, दुपारी समुद्रावरून सगळ्यांच्या आधी परतते आणि रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात कुकर घासते. हा खर्च कुठल्याच वहीत चढत नाही. तुमच्या वहीत तो पहिल्या ओळीत लिहा, मग बाकीचे आकडे मांडू.

आधी शेजाऱ्यांचं म्हणणं तपासू. ‘बेटावर सगळंच महाग’ हे अर्धं खरं आहे. अंदमान चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तिन्ही बंदरांपासून साधारण बाराशे किलोमीटर आहे. कांदे, बटाटे, डाळी, तेल, स्वयंपाकाचा गॅस, पॅकेटबंद वस्तू हे सगळं जहाजाने येतं. हवा बिघडली आणि जहाज उशिरा आलं की भाजीबाजारात भाव चढतात. पण मासे तिथलेच. नारळ, केळी, पपई तिथलीच. पालेभाज्या, भोपळा, वांगी, भेंडी असलं बरंच काही तिथेही पिकतं. नील बेट तर भाजीच्या शेतीसाठीच ओळखलं जातं. म्हणजे महाग काय, तर समुद्र ओलांडून आलेलं आणि ‘पर्यटकांना हेच लागतं’ म्हणून मेन्यू कार्डावर चढलेलं. पनीर, चीज, मश्रूमच्या डिशेस मागवत राहिलात तर बिल फुगणार. तिथली माणसं दुपारी जे जेवतात ते जेवलात तर फुगणार नाही.

आणि ‘आपलं काहीच मिळत नाही’ हे तर खरंच नाही. हॅवलॉक आणि नील या बेटांवर मुख्य वस्ती पूर्व बंगालमधून येऊन स्थिरावलेल्या बंगाली कुटुंबांची आहे. त्यांच्या साध्या खानावळीतली थाळी म्हणजे भात, डाळ, एक भाजी, बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या आणि हवा असेल तर मासा. वरणभात जेवणाऱ्या माणसाला यात परकं वाटावं असं फारसं नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये तमिळ आणि तेलुगू वस्ती मोठी आहे, त्यामुळे इडली, डोसा, सांबार-भात आणि दहीभात सहज मिळतो. शिवाय अंदमानची बोलायची भाषा हिंदी आहे. स्वयंपाकघरात डोकावून ‘तिखट कमी, सरसों का तेल नहीं, सादा तेल’ एवढं सासूबाई स्वतःही सांगू शकतील. मोहरीच्या तेलाचं मुद्दाम लिहिते, कारण सवय नसेल तर त्या वासाने आपल्याकडच्या वयस्क माणसांचं जेवण अडतं, आणि मग ‘इथलं अन्नच चालत नाही’ असा निकाल पहिल्याच दिवशी लागतो.

आता एजंटाचा आकडा घेऊ. माणशी ७०० म्हणजे सहा जणांचं एका रात्रीचं जेवण ४,२०० रुपये. सहा रात्रींचे २५,२००. हा आकडा एकगठ्ठा बघितला की घाबरायला होतं, म्हणून तो मुक्कामांप्रमाणे फोडून बघा. त्यातले १२,६०० एकट्या पोर्ट ब्लेअरचे आहेत. ते शहर आहे. अॅबरडीन बाजाराच्या आसपास शाकाहारी हॉटेलं आहेत, बेकऱ्या आहेत, फळांच्या गाड्या आहेत. सेल्युलर जेलपासून हा बाजार जवळ आहे. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघून खाली उतरलात की समोर जेवायची सोय आहे. तिथे हॉटेलच्या बुफेला आधीच पैसे बांधून टाकायचं काहीच कारण मला दिसत नाही. एजंटाला आजच कळवा की पोर्ट ब्लेअरच्या तिन्ही रात्री फक्त नाश्त्यासह खोली हवी. बाजारातलं जेवण बुफेच्या निम्म्यात झालं असं धरलं, आणि साध्या थाळीत ते त्याहून कमीत होतं, तरी सहा हजारांवर रुपये इथेच वाचतात. त्यासाठी कुणाला काही शिजवावं लागत नाही.

हॅवलॉक आणि नीलला मात्र थोडा विचार करावा लागतो. तिथे जेवणाचा खर्च खोली घेताना ठरून जातो. हॅवलॉकचा बाजार धक्क्याजवळ गोविंदनगरला आहे. पुढे विजयनगर आणि काला पत्थरच्या रस्त्याला किनाऱ्याने रिसॉर्टं पसरलेली आहेत आणि राधानगरचा किनारा बेटाच्या अगदी दुसऱ्या बाजूला, दहा-बारा किलोमीटरवर आहे. तुमची खोली बाजारापासून लांब असेल तर अंधार पडल्यावर रिक्षा शोधा, जायचे-यायचे पैसे द्या, आणि सहा जण म्हणजे दोन रिक्षा. मग माणूस कंटाळतो आणि रिसॉर्टमध्येच जेवतो. खोली चारशे-पाचशेने स्वस्त पडली म्हणून लांबची घेतली आणि तेच पैसे रोज रात्री जेवणात दुप्पट गेले, असं पुष्कळांचं होतं. एजंटाने कोणतं हॉटेल दिलंय ते नकाशावर बघा. बाजार पायी दहा-पंधरा मिनिटांवर असेल तर रात्रीचं जेवण पॅकेजमधून काढा. लांब असेल आणि हॉटेल बदलता येत नसेल, तर हॅवलॉकच्या दोन रात्री पॅकेजमध्ये राहू द्या. सासू-सासऱ्यांना घेऊन अंधारात वणवण करण्यापेक्षा तो खर्च मी योग्य मानते. नील छोटं आहे, बाजार धक्क्याजवळच आहे. तिथे पोचल्या पोचल्या एखाद्या साध्या खानावळीत ‘संध्याकाळी सहा माणसं, दोन जणांचं बिनतिखट, शाकाहारी वेगळ्या भांड्यात’ असं सांगून ठेवा. छोट्या बेटावर स्वयंपाक माणसं मोजून होतो, आधी सांगितलं की हवं तसं मिळतं.

कुकरकडे वळते. हॉटेलच्या खोलीत इंडक्शन लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि त्यामागे कारण आहे. शेगडी दीड-दोन हजार वॅट ओढते. बेटांवरची वीज मोठ्या प्रमाणात जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते, आणि खोलीतलं वायरिंग दिवा, पंखा, एसीपुरतं केलेलं असतं. लपून शिजवायचं म्हटलं तर वास लपत नाही. वजनाचाही प्रश्न आहे. देशांतर्गत बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर माणशी १५ किलोच सामान आत टाकता येतं. कुकर, शेगडी, तांदूळ, डाळ, कणीक यांचं ओझं मोजा आणि ते विमानतळ, धक्का, बोट, परत धक्का असं कोण उचलणार तेही ठरवा. खासगी बोटींनाही सामानाची मर्यादा असते.

सासूबाईंशी बोलताना मात्र वजन आणि वॅट पुढे करू नका. मला वाटतं, कुकर नेण्यामागे त्यांचा खरा विचार पैशांचा नसावा. आपल्याला बाहेरचं पचलं नाही तर आपल्यामुळे सगळ्यांची सहल अडेल, आपल्यासाठी वेगळं काही मागावं लागेल, ही काळजी त्या वयात मोठी असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. त्यांना एवढंच विचारा, ‘दिवसातून एकदा तुम्हाला काय मिळालं म्हणजे बरं वाटेल?’ उत्तर बहुतेक साधं असेल. मऊ भात, ताक, बिनदुधाचा किंवा कमी साखरेचा चहा. त्यातलं भाताचं हॉटेलवाल्यांना दुपारीच सांगता येतं. चहाचं सामान बरोबर नेता येतं. बेटांवर ताजं दूध कमी, टपऱ्यांवर दुधाच्या पावडरीचा चहा सर्रास असतो, तेव्हा आपली चहापत्ती, साखर आणि दूध पावडर नेलेली बरी. बऱ्याच हॉटेलांत खोलीत किटली असते. त्या किटलीत मात्र पाण्याशिवाय काही उकळू नका, आपल्यानंतर ती दुसऱ्या कुटुंबाला वापरायची असते.

तुम्ही दिवाळीनंतर जाताय, ही तर मोठीच सोय आहे. घरात फराळ असणारच. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, रव्याचे-बेसनाचे लाडू. यापेक्षा चांगलं प्रवासाचं खाणं कुठल्या दुकानात मिळणार? फक्त अंदमानची हवा दमट आहे, मोठा डबा एकदा उघडला की चिवडा सादळतो. म्हणून एका संध्याकाळला पुरेल एवढ्या छोट्या हवाबंद पिशव्या घरीच भरा. ओल्या नारळाच्या करंज्या नेऊ नका, टिकणार नाहीत. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. घरीच फोडणी करून रवा भाजून त्यात मीठ-साखर घालून कोरडा ठेवलात, तर स्टीलच्या डब्यात उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं की दहा मिनिटांत उपमा होतो. सासूबाईंना काही करावंसं वाटत असेल तर निघण्याआधीच्या आठवड्यात हे त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या, आणि त्यात तुमच्या पतीनाही बसवा. रवा भाजायला कुणालाही येतं.

विमानाचे दोन नियम लक्षात ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. सुकं खोबरं ज्वालाग्राही मालात मोडतं आणि तपासणीत काढून ठेवतात. आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, ते आत टाकायच्या सामानात. कोरडा घरचा डबा मात्र हातात नेता येतो आणि तो न्याच. नाशिक-मुंबईकडून जाताना चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागण्याची शक्यता मोठी, आणि सहलीतलं पहिलं महाग जेवण नेमकं तिथे होतं. हा खर्च बेटाच्या नावावर पडतो, पण होतो विमानतळावर. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये आणि चेन्नईच्या विमानतळावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ नावाची सरकारी पुढाकाराची स्वस्त उपाहारगृहं सुरू झाली. सुरुवातीचे दर चहा आणि पाण्याची बाटली १० रुपये, समोसा २० रुपये असे होते. मधला थांबा लांब असेल तर उतरल्यावर चौकशी करा.

खर्च नकळत गळतो तो पाण्यात. सहा माणसं, दमट हवा, दिवसभर ऊन. प्रत्येक वेळी बाटली विकत घेत गेलात तर आठवड्याअखेरीस ती रक्कम एका चांगल्या जेवणाची होते. प्रत्येकाची स्टीलची बाटली न्या आणि सकाळी हॉटेलच्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावर भरा. बेटांवर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंधनं आहेत, त्यामुळेही हेच बरं. दुकानातून बाटली घेतलीत तर छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचा अधिकार दुकानदाराला नाही, बेट असलं तरी. उपाहारगृहात टेबलावर दिलेल्या बाटलीचं तसं नाही. हॉटेल-उपाहारगृहांना छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणून पाणी टेबलावर मागवू नये, आपलं आणावं. बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर ते ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची तशी सूचना आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती उचलून धरली.

दुसरी गळती घड्याळाची आहे. घड्याळ तिथे आपलंच चालतं, पण अंदमान मुंबईच्या वीस अंश पूर्वेला असल्याने सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाहून जास्त आधी उगवतो आणि मावळतो. नोव्हेंबरात पाच वाजता संध्याकाळ होते. मुलं पहाटे पाचला टक्क जागी, आणि हॉटेलचा नाश्ता साडेसातला. संध्याकाळी साडेपाचला अंधार, सहाला भूक, आणि जेवायला दोन तास. याच दोन रिकाम्या वेळांत पिझ्झा, चिप्स, मिल्कशेक मागवले जातात. पहाटेला केळं आणि लाडू, संध्याकाळी चहा-चिवडा, आणि जेवण सातलाच. मोठं जेवण दुपारी बाजारातल्या थाळीचं ठेवा, दुपारी थाळी ताजी असते आणि पोटभर मिळते. रात्रीचं हलकं.

नाश्ता पॅकेजमध्ये आहे म्हणजे तो खाल्ला जाईल असंही नाही. सकाळची बोट पकडायची असेल, स्कूबाला लवकर जायचं असेल (त्याआधी भरपेट खाऊही नये), तर ‘फुकट’ नाश्ता तिथेच राहतो आणि बाहेर पुन्हा पैसे जातात. उत्तरेकडच्या बारातांग बेटावर जाणार असाल तर पोर्ट ब्लेअरहून रात्री तीनच्या सुमारास निघावं लागतं, कारण वाटेतल्या राखीव जंगलात गाड्या ताफ्यानेच सोडतात, आणि जिरकाटांगच्या नाक्यावरून पहिला ताफा सकाळी सहाला सुटतो. आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षात सांगा, ‘उद्याचा नाश्ता बांधून द्या.’ ब्रेड, उकडलेली अंडी, केळी, पराठे असं काही ना काही देतात. ही विनंती आपण हक्काने करावी, पैसे आपण भरलेले आहेत.

बारातांगच्या रस्त्याबद्दल खाण्याशीच जोडलेली एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. तो रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो. रस्त्याकडेला माणसं दिसली तर मुलांना वाटतं, बिस्किटाचा पुडा द्यावा. देऊ नये, गाडी थांबवू नये, फोटो काढू नये. आदिम जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ चा नियम आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात शिक्षा कडक झाली आहे. बाहेरच्या माणसांच्या संपर्कातून येणारे आजार आणि बाहेरच्या खाण्याची लागलेली सवय या दोन्हींनी त्या समाजाचं नुकसान होतं. मुलांना हे गाडीत बसायच्या आधी समजावून सांगा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते नीट कळतं.

मासे तुमच्याकडे कोण खातं हे पत्रात नाही. खात असाल तर खुशाल खा. सुरमई, टुना, तांबुसा तिथे ताजे मिळतात आणि खानावळीच्या माशाच्या थाळीत ते परवडतातही. घोटाळा होतो तो बर्फावर मांडलेले मासे, खेकडे, लॉबस्टर दाखवून वजनावर विकणाऱ्या ठिकाणी. सांगितलेला दर शंभर ग्रॅमचा की किलोचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवायचे पैसे वेगळे का, हे तीन प्रश्न मासा उचलायच्या आधी विचारा आणि एकूण रक्कम वदवून घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावं की १५ एप्रिल ते १४ जून या काळात पूर्व किनाऱ्याबरोबर अंदमानच्या समुद्रातही यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे तेव्हा निवड कमी आणि भाव चढे.

थोडी रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. समुद्राखालून चेन्नईपर्यंतची केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मोबाइलवरून पैसे देणं बरंच सुधारलं आहे, तरी छोट्या बेटांवर कधी नेटवर्क जातं. तेव्हा रोख नसेल तर स्वस्त खानावळ सोडून कार्ड घेणाऱ्या महागड्या ठिकाणी बसावं लागतं. नोव्हेंबरात तिथे पाऊस आणि वादळं असतात, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. अडकून पडायची वेळ आली तर एक जेवण निभेल एवढा खाऊ शेवटच्या दिवसापर्यंत शिल्लक ठेवा.

तुमच्या पतींचं म्हणणं मी धुडकावणार नाही. सुट्टीत पै-पैचा हिशेब केला तर सुट्टी राहत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. म्हणून वाचलेल्या पैशांतून एक जेवण ठरवून घ्या. समुद्राकाठी, चांगल्या ठिकाणी, बिलाकडे न बघता, आणि जागा तुम्ही निवडा. आणि त्यांना एक काम द्या. रोज संध्याकाळी हॉटेलशी बोलून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं ठरवणं त्यांच्याकडे. हे काम न सांगता बाईकडे येतं आणि स्वयंपाक नसला तरी डोक्यावरचं ओझं तेवढंच राहतं.

ज्यांच्या घरी याहून कडक पथ्य आहे, कांदा-लसूण अजिबात चालत नाही किंवा लहान बाळ आहे, त्यांच्यासाठी दोन वेगळे मार्ग आहेत. एक, स्वयंपाकघर वापरू देणारं घरगुती निवासस्थान शोधणं. तिथे शिजवण्याच्या पाळ्या मात्र निघण्याआधीच ठरवाव्यात. दुसरा, स्वतःचे आचारी नेणाऱ्या मराठी यात्रा कंपनीबरोबर जाणं. ते महाग वाटतं, पण जेवण धरून दर लावलेला असतो, तेव्हा तुलना करताना आपल्या खर्चातही जेवण मिळवून मगच करा. तुमच्यासाठी मला या दोन्हींची गरज वाटत नाही.

राहता राहिली कार्तिकी एकादशी. दिवाळीच्या अमावास्येनंतर अकराव्या दिवशी ती येते, म्हणजे तुमच्या सहलीत पडायची शक्यता आहे, आणि सासूबाईंचा उपवास असेलच. तारखा जुळवून तो दिवस शक्यतो पोर्ट ब्लेअरचा येईल असं बघा, तिथे फळं भरपूर मिळतात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि थोडं सैंधव घरून न्या. शहाळं आणि केळी तिथली. आणि हॉटेलच्या आचाऱ्याला आदल्या रात्री सांगा की तूप-जिऱ्यावर बटाटे, हळद-मोहरी काही नको, मीठ आम्ही देऊ.